खुर्चीबदल

"बाई, मी आत शिरतोय. मी स्वतः येऊन सांगेपर्यंत हे हिरवं बटण दाबायचं नाही. कुणीही सांगितलं तरी." एवढं बजावून, कानांत कापूस कोंबून फिटर मिक्सरच्या पोटात शिरला, त्याला बराच वेळ झाला होता. आणि आता त्याच्याच खात्याचे मुख्य, पगारखात्यातल्या बाईंच्या मागे उभे राहून, म्हणत होते, "दाबा."

कंपनीत खात्याखात्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. ते मिटावं म्हणून मोठ्या साहेबांनी आज खुर्चीबदल काढला होता. एका खात्यातल्या काही माणसांनी दुसऱ्याचा डगला घालायचा आणि दिवसभर तिथलं काम करायचं. जन्मभर पगाराच्या पावत्या काढलेल्या बाई त्यामुळे साबणखात्याचा निळा डगला घालून इथे येऊन बसल्या होत्या. समोर खोलीएवढा मिक्सर, आत मांडीएवढी जाड पाती. बटण दाबलं की ती फिरतात, एवढंच त्यांना शिकवलं होतं.

"ते बाहेर नाही आले अजून," बाई म्हणाल्या.

"आलाय. चहाच्या खोलीत पाठमोरा बसलाय, निळा डगला. आत्ताच बघून आलो. माझा माणूस मी ओळखत नाही होय?"

शेजारी उभे असलेले मोठे साहेब हसले. "बाई, आज तरी एकमेकांवर विश्वास ठेवायचा ना?"

बाईंना नाही म्हणावं तर साहेबांच्या डोळ्यावर यायचं. हो म्हणावं तर... तो विचारच त्यांना पुरा करवेना. निळा डगला! अहो, आज निळा डगला कुणाच्याही अंगावर असेल. सकाळी त्यांच्याच पगारखात्यातला जाड्या तो घालून मिरवत होता. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण साहेब घड्याळ बघत होते.

त्या उठल्या. मिक्सरच्या कुशीतल्या उघड्या झडपेपाशी गेल्या, वाकून हाक मारली. उत्तर नाही. पात्यांखाली नुसता काळोख.

"बघा. कुणी नाही." मुख्य त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि त्यांनी बटणाकडे हात नेला.

"थांबा! माझा हात आहे आत!"

हे बाई आधी ओरडल्या आणि हात नंतर घातला, पार खांद्यापर्यंत. डोळे गच्च मिटले. मुख्यांनी ऐकलं की नाही, तेही त्यांना कळेना.

अंधारात काहीतरी गार आणि जड त्यांच्या तळहातावर टेकलं. पाना. मागोमाग ओशट बोटं, आणि फिटरचा आवाज. "बरं झालं आलास रे मदतीला. हा धर, आणि बारका पाना दे."

मुख्य खुर्चीतून उठले, ते भिंतीला जाऊन टेकले. चेहरा पांढराफटक. मोठ्या साहेबांच्या कपाळावर घाम आला होता.

"हात काढा आता, बाई," ते कसेबसे म्हणाले. "कोणी दाबणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवा."

"आधी त्यांना बाहेर येऊ दे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरा हातही आत घातला.