पिशव्या कोण सांभाळणार?

फ्रान्समध्ये शिकायला आल्यापासून नेझाने सहा कॅथेड्रलं पाहिली होती, पण सगळी खालूनच. मित्रमंडळी मनोरे चढायची आणि जाताना पिशव्या व्हीलचेअरमध्ये तिच्या मांडीवर टाकायची. सगळे खाली आले की नेझा त्यांच्यातल्या गास्पारला विचारायची, “वरून काय दिसलं, गास्पार?” शार्त्र गावच्या कॅथेड्रलला मात्र तिने सगळ्यांना मुद्दाम शुक्रवारी आणलं. त्या दिवशी खुर्च्या हलवून फरशीवरचा दगडी चक्रव्यूह मोकळा करतात. “सगळ्या खुर्च्या बाहेर!” म्हातारा सेवक ओरडला आणि तिला पाहून ओशाळला. “माझी तेवढी राहू द्या, काका,” ती हसली. मग तिने पिशव्या गास्पारच्या गळ्यात अडकवल्या. “सांभाळ. मला वेळ लागेल.” अकरा वेढ्यांची वाट; चाकं ढकलून हातांचे तळवे सोलवटले, तरी तिने कुणाला खुर्चीला हात लावू दिला नाही. ती मधोमध पोचताच गास्पारने काठावरून विचारलं, “तिथून काय दिसतंय?” “तू,” ती म्हणाली, “पिशव्या सांभाळताना!”