अडीचची बांगडी

“पावणेतीनच्या काढा,” विमलताई म्हणाली आणि हात पदराखालीच ठेवला.

अंगणात निकिताच्या लग्नाच्या बांगड्या भरणं चाललं होतं. नवरीचा चुडा भरून झाला, काकू-मावश्यांचे हात हिरवे झाले, आणि आता पाळी नवरीच्या आईची होती. आयशाबी सकाळीच मारेगावहून डबे घेऊन आली होती. या घरातल्या बायकांचे हात ती पंचवीस वर्षं धरत आलेली. कुणाचं माप किती, हे तिला त्यांच्या नवऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक.

“माप सांगाचं काम माह्यं,” ती म्हणाली. “हात दे.”

विमलताईला हात द्यायचाच नव्हता. गेल्या वर्षी छातीत पेसमेकर बसवताना दवाखान्यात हातातल्या बांगड्या वाढवाव्या लागल्या, त्यानंतर नव्या चढल्याच नाहीत. आमवातानं बोटांचे सांधे टरारून सुजले होते. तीन महिन्यांपूर्वी निकिताच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी पावणेतीनचीसुद्धा अडकली, आणि चारचौघींत तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुखणं मारायच्या जुन्या गोळ्या हृदयाला बऱ्या नाहीत म्हणून डॉक्टरांनी बंद केल्या. त्यांच्या जागी साक्षगंधानंतर आली ती दर रविवारची एक गोळी. ती घेतली की सोमवारभर मळमळ, आणि सकाळी मूठ वळायची ती वळतच नाही. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टमध्ये सूज कमी दिसते आहे. रिपोर्टचं काय, कागदावर तर गावात नळही आला आहे. उद्या रविवार. उद्यापासून गोळी बंद, असं विमलताईनं सकाळीच जाहीर करून टाकलं होतं, आणि तेव्हापासून नवरी आईशी बोलत नव्हती.

आयशाबीनं हात पुढे केला आणि मधेच थांबवला. “मले करंट तं नाही लागन ना वं?”

“लागन. हात लावूनच पाहा,” विमलताई म्हणाली.

बायका खो खो हसल्या. विमलताईही हसली, आणि त्या गडबडीत हात पदराबाहेर आला तो आयशाबीनं धरला.

मग मात्र तिनं घाई केली नाही. अंगठ्यानं एकेक सांधा चाचपला. चारही बोटं जवळ आणली, अंगठा आत वळवून पाहिला. पावणेतीनचा डबा झाकून बाजूला सारला आणि अडीचचा उघडला.

“आयशाबी, काय करता? फुटन ना!” विमलताईनं हात ओढून घेतला.

लग्नघरात नवरीच्या आईच्या हातात हिरवी बांगडी फुटणं म्हणजे काय, हे तिथं कुणाला सांगायला नको होतं. हसू थांबलं. निकिता अबोला विसरून जवळ येऊन बसली.

“फुटली तं माह्या हातानं फुटन, तुह्या नाही,” आयशाबीनं हात पुन्हा धरला. “खांदा काहून आवळला? ढिला सोड.”

तिनं हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली, वरून खोबरेल तेलाचे चार थेंब सोडले. बांगडी बोटांवरून सरकली, सांध्यांपाशी आली आणि थांबली. विमलताईनं डोळे मिटून घेतले.

“दुखते?”

“दुखते. पन थोडं.”

“थोडंच राह्यलं.”

आयशाबीनं करंगळीकडचा सांधा हळूच आत दाबला. बांगडी मनगटावर उतरली. पिशवी ओढून काढली तरी ती शाबूत होती.

विमलताईनं डोळे उघडून आधी बांगडी पाहिली, मग डबा. डब्यावर निळ्या शाईनं अडीच लिहिलेलं होतं.

“चुकून मोठी तं नाही घातली?”

“पंचवीस वर्षांत कधी चुकली का मी?” आयशाबी चिडलीच. तिनं विमलताईच्या बोटाच्या मुळाशी अंगठा टेकवला. “साक्षगंधाले इथं लिंबू होतं, लिंबू. आता बोर हाये. कोनती दवा घेतली?”

विमलताई बोटाचं ते मूळ स्वतःच चाचपू लागली. आपला हात आपल्याकडे परत येतो आहे, एवढंच तिला कळत होतं. तिला इतका आनंद झाला की रडूच कोसळलं. लेक सासरी जाणार म्हणून आई रडते आहे असं समजून बाकीच्या बायकांनीही आपापले पदर डोळ्यांना लावले.

निकिता तेवढी हसत होती. “रविवारची गोळी घेते ती,” तिनं आयशाबीला सांगितलं. “म्हणजे, घेत होती.”

“होती काय? घेतो ना,” विमलताई नाक पुसत म्हणाली. “उद्या रविवारच हाये. लग्नाच्या धांदलीत इसरली तं याद देजो.”

दोन्ही हातांत सहा-सहा बांगड्या भरून झाल्या. विमलताईनं आयशाबीच्या पाया पडून आपले हात निरखले, उलटे करून पाहिले, उगाचच किणकिणवले.

“याच मापाच्या अर्धा डझन ठेवून जा,” ती म्हणाली. “एखादी वाढली तं घरात असू द्या.”

आयशाबी डबे एकावर एक रचत होती.

“नाही ठेवत,” ती म्हणाली. “निकिताच्या डोहाळजेवणाले येईनच मी. तोवर ह्या तुले ढिल्या होतीन.”