उजव्या पंजाची सूज

फ्लूची लस घेतली डाव्या दंडात आणि सुजला उजवा पंजा! सलून चालवणाऱ्या जावयाचं डोकंच चालेना. उद्या कात्री धरायची कशी? त्याने दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, औषध आतल्या आत फिरलं की काय?"

"ताप, पुरळ, धाप?"

"छे! पण पंजावर चार नखं उमटलीत."

सिस्टर खो-खो हसली. "अहो, तुम्ही डोळे मिटून 'आई गं' करत होतात. तेव्हाच शेजारच्या खुर्चीत तुमच्या सासूबाईंना सुई टोचली. त्यांनी कुणाचा हात आवळला असेल?"

जावई चाटच पडला. लग्नापासून सासूबाईंनी त्याच्याशी चकार शब्द काढला नव्हता.

"मग, लसीचा त्रास म्हणून नोंदवू का?"

"नको, नको! पुढच्या वर्षीही आम्हाला शेजारीच बसवा."