तिसऱ्या मजल्यावरचे दिवे

लॉकडाऊन उठला, तरी आमची भाड्याने द्यायची इमारत रिकामीच होती. ओस इमारतीत ऑफिस कोण थाटणार? निदान गजबज दिसावी म्हणून मी वॉचमनला रोज संध्याकाळी सगळ्या मजल्यांवर दिवे लावायला सांगितलं.

तिसऱ्या मजल्यावर पूर्वी ओकबाईंचा शिकवणीचा क्लास होता. पोरांच्या गलक्यावरून मी त्यांना सारखा टोकायचो. परवा त्या बँकेत भेटल्या.

“क्लास पुन्हा सुरू केला. तुमच्या समोरच्याच इमारतीत.”

“अहो, आमच्याकडे का नाही आलात?”

“आले होते की! पण खालून पाहिलं, तर आमच्या खोल्यांत दिवे. म्हटलं, यांना भाडेकरू मिळाले, बरं झालं. चांगले आहेत ना नवे लोक?”

खरं सांगायला जीभ रेटेना.

“हो,” मी म्हणालो. “अजिबात आवाज करत नाहीत.”