नोंदीतलं नाव

"मी सही करणार नाही," धाकटा पुन्हा म्हणाला आणि राजीनाम्याचा कागद त्याने टेबलावरून परत सरकवला.

साहेबांनी तो होता तिथे आणून ठेवला. "मग काढून टाकल्याचं पत्र मिळेल. ते घेऊन शोध दुसरी नोकरी."

ताई शेजारच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिला एचआरच्या मॅडमनीच बोलावून घेतलं होतं. मुलगा कोणाचं ऐकत नाही, घरचं मोठं माणूस समजावेल, म्हणून. आईवडील नव्हते, तेव्हा घरचं मोठं माणूस म्हणजे ताईच. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, ही तिची नोकरी. घरात हेच काम ती फुकट करते, असं धाकट्याचं म्हणणं होतं.

"काय झालं ते एकदा नीट सांग," ती म्हणाली.

"किती वेळा सांगू? हॉस्पिटलचे रिपोर्ट ज्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सर्व्हरमधल्या आभासी कॉम्प्युटरवर आहेत, ते कोणीतरी भर दुपारी बंद केलं. पेशंट ताटकळले. आमची सगळी मशीन एकाच स्क्रीनवरून चालू-बंद होतात, त्यामुळे नोंद निघाली. माझ्या नावाची. पण मी लॉगआउट करून जेवायला गेलो होतो!"

"भुताने केलं असेल," साहेब म्हणाले.

"भुताने नाही, कुकीने. ताई, आपण आत शिरलो की सिस्टीम ब्राउझरला एक कुकी देते. गेटपास समज. आपण बाहेर पडलो की तो पास रद्द व्हायला हवा. या सॉफ्टवेअरमध्ये तो रद्दच होत नाही. त्याची नक्कल ज्याच्या हाती लागली, तो माझ्या नावाने आत फिरणार. साहेबांना मी हे आधीच कळवलं होतं."

"बिस्किटांवर खापर फोडतोय." साहेब मॅडमकडे बघून हसले. मॅडम हसल्या नाहीत. साहेबांनी आपला फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. "मशीन बंद झालं की त्याच क्षणी यावर मेसेज येतो, करणाऱ्याच्या नावासकट. त्या दिवशीही आला."

"नोंदीत चूक होऊच शकत नाही?" ताईने विचारलं.

"शक्यच नाही. ज्याचं नाव, त्याचं काम. उद्या माझं नाव निघालं तर मीही राजीनामा देईन. मॅडमसमोर सांगतो."

"मग मला ती नोंद एकदा दाखवा. माझ्या डोळ्यांनी बघितली, की याला सही करायला लावायचं माझ्याकडे लागलं."

"ताई!"

"तू गप्प बस."

साहेबांचा लॅपटॉप वरच्या मजल्यावर राहिला होता. ताईने पिशवीतून स्वतःचा काढून दिला. साहेबांनी भिंतीतली ऑफिसच्या नेटवर्कची वायर त्याला जोडली आणि हाताचा आडोसा करून पासवर्ड टाकला.

"फारच हळू चालतो हो हा."

"जुना आहे. काही टाकून देत नाही, सगळं साठवून ठेवतो. माझ्यासारखाच."

स्क्रीनवर मशीनची यादी आली, मग नोंद. तारीख, वेळ, धाकट्याचं नाव. ताईने मान पुढे काढून सगळं वाचलं.

"आणि यादीतलं हे सगळ्यात खालचं मशीन कशाचं?"

"ते सरावाचं. नवीन मुलांना शिकवायला. सध्या त्यावर कोणी नाही." साहेबांनी सर्वांना दिसेल असं लॉगआउट केलं. "बघा. आता या लॅपटॉपवर मी नाही. याला म्हणतात शिस्त."

"पटलं मला," ताई म्हणाली. लॅपटॉप तिने आपल्याकडे ओढला आणि कागद धाकट्यासमोर. "कर सही."

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. "तूसुद्धा?"

"कर म्हणते ना."

"नाही करणार. नोकरी गेली तर जाऊ दे. जे मी केलंच नाही, ते केलं म्हणून लिहून देणार नाही. उपाशी राहीन."

"तू? उपाशी? दर तासाला फ्रिज उघडून उभा असतोस."

एरवी तो हसला असता. त्याने खुर्ची तिच्यापासून लांब सरकवली. "तू घरी जा, ताई. माझं मी बघतो."

चहा आला. साहेबांनी एका हातात कप घेतला, दुसऱ्या हातात बशी, आणि मागे रेलून बसले. ताई लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होती.

"शेजारच्या काकूंना निरोप टाकते," ती कोणी न विचारता म्हणाली. "उशीर होणार आम्हाला."

टेबलावरचा फोन थरथरला. साहेबांनी हनुवटीनेच मॅडमना खूण केली. "बघा हो जरा, काय आहे."

मॅडमनी वाचलं. मग चष्मा नीट करून पुन्हा वाचलं.

"सरावाचं मशीन बंद केलंय. आत्ताच."

"कोणी?"

मॅडमनी साहेबांच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. कप. बशी.

"तुम्ही."

ताईने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला; साहेबांचा गेटपास त्यात अजून चालूच होता. धाकट्यासमोरचा कागद तिने उचलला, फिरवला आणि साहेबांपुढे ठेवला. पेनचं टोपणही काढून दिलं.

"चहा होऊ द्या सावकाश," ती म्हणाली. "मग करा सही."