नळाखालची बाटली

मंचावर नऊ खुर्च्या, नऊ शाली आणि पाण्याच्या नऊ बाटल्या होत्या. समोर सतरंजीवर एकशे बारा मुलं बसली होती, आणि त्या सगळ्यांना मैदानाच्या कडेचा एकच नळ होता.

बालसभेसाठी मी तीन महिने मुलांची तयारी करून घेतली होती. शालेय मंत्रिमंडळातली पाणीमंत्री, सातवीतली तनुजा, एकच प्रश्न विचारणार होती: नळ कधी दुरुस्त करणार?

सरपंच बोलायला उठण्याआधी मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागले. "मॅडम, प्रश्नबिश्न नकोत आता."

"सर, सभाच मुलांची आहे."

"नळाला पाणी येतंय की! मग विचारायचं काय?"

मागे उभ्या असलेल्या तनुजाने ते ऐकलं. मी चिडून नुसत्याच मुठी आवळल्या. तिने मात्र पाहुण्यांनी रिकामी केलेली एक बाटली उचलली आणि नळ पूर्ण सोडून त्याखाली ठेवून आली.

सरपंच नेतृत्वावर बोलले. मुलांनी धीटपणे प्रश्न विचारले पाहिजेत, हे त्यांनी चार वेळा सांगितलं. मग घड्याळ पाहून म्हणाले, "प्रश्न पुढच्या बालसभेत घेऊ."

तनुजा बाटली घेऊन थेट मंचावर गेली. "काका, तुम्ही बोलायला उठलात तेव्हा ही नळाखाली ठेवली होती."

"बरं, मग?"

"मोजा की."

तयारीच्या वेळी नळाचं पाणी मोजायला वापरलेलं मोजपात्र मी पुढे केलं. सरपंचांनी स्वतः पाणी ओतलं. भाषण सेहेचाळीस मिनिटं चाललं होतं. मोजपात्रात दोनशे दहा मिलिलिटर पाणी होतं.