पूल मागे पडला

चित्र पुन्हा थबकलं. आवाज मात्र पुढे निघून गेला. इंजिनाची घरघर वाढली, कुणीतरी खिडकीची काच सरकवली, घंटी दोनदा वाजली. आणि पडद्यावर बस अजून डेपोच्या दारातच उभी होती.

"हेच ते," बाबा म्हणाले. "पाठवल्यापासून हेच चाललंय. म्हणून तर तुला बोलावलं. मला काही नीट दिसतच नाही यात."

मुलीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तो तिचाच, कॉलेजातला. नवा घेतल्यावर तिने तो बाबांना देऊन टाकला होता, आणि हल्ली त्यालाही बाबांसारखीच धाप लागायची. व्हिडिओ बाबांच्या बसवरच्या कंडक्टरकाकांचा होता. ज्या मार्गावर बाबांनी बस चालवत उभी हयात काढली, तो मार्ग आता बंद झाला होता. शेवटच्या फेरीला काकांनी पुढच्या काचेला फोन चिकटवला आणि अख्खा रस्ता उतरवून घेतला, तोही सगळ्यात भारी क्वालिटीत. दोस्ताला काही कमी पडायला नको. फाइल इतकी जड झाली, की या म्हाताऱ्या यंत्राच्या घशाखाली उतरेना.

मुलगी इस्पितळात एक्स-रे काढायची. हाडातली केसाएवढी चीरही तिच्या नजरेतून सुटत नसे. खरं तर ती आज आली होती वेगळंच बोलायला. सोमवारपासून तिची सकाळची पाळी लागणार होती, आणि तिच्या छोटीला शाळेत सोडायचं काम बाबांनी हट्टाने मागून घेतलं होतं. आपल्या गाडीतून. आजोबा गाडी चालवणार म्हणून छोटीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पण मध्यंतरी बाबांची गाडी फाटकाला घासली होती. बाबा म्हणाले, फाटकच अरुंद. शेजारी म्हणाले, फाटक होतं तेवढंच आहे, बाबांचे डोळे तपासून घ्या. जन्मात एक अपघात नाही, अशा ड्रायव्हरला 'तुम्हाला दिसतं ना?' हे कोणत्या तोंडाने विचारायचं? त्यापेक्षा लॅपटॉप बरा. त्याला काहीही विचारलं तरी राग येत नाही.

तिने मागे उघडी पडलेली सगळी पानं बंद केली. चार्जर लावला, कारण बॅटरीवर असला की हा गडी चिक्कूपणा करतो. खालच्या जाळीतली धूळ फुंकून काढली, तर बाबांनाच शिंका आल्या. व्हिडिओ पेनड्राइव्हवरून चालत होता, तो लॅपटॉपमध्ये उतरवून घेतला. दुसरा प्लेअर टाकला. चित्र चार पावलं चालायचं आणि अडेल बैलासारखं बसायचं.

"आता शेवटचा प्रयत्न," ती एक सेटिंग बदलत म्हणाली. "नाहीच चाललं, तर व्हिडिओ लहान करून घेऊ. चित्र थोडं पुसट होईल, पण पळेल तरी."

"कर काय करायचं ते. पण आधी चहा टाक."

तिने व्हिडिओ लावला. या वेळी बस डेपोतून निघाली, बाजारातून पुढे सरकली. बरं वाटून ती स्वयंपाकघरात गेली.

आधण उकळत असताना तिला बाबांचा आवाज ऐकू आला.

"आला पूल. सांधे बघ कसे वाजतात अजून! हं, पूल मागे पडला. आता डाव्या हाताला पाण्याची टाकी. ही आली. इथे तुझी आई डबा घेऊन उभी असायची. हात म्हणून करायची नाही कधी, नुसता डबा वर धरायची. आता वळण आहे. दुसऱ्या गिअरात घे रे, दुसऱ्यात. शाब्बास."

मुलगी ओट्याला टेकून ऐकत राहिली. सुट्टीत ती त्यांच्या मागच्या सीटवर बसून हाच रस्ता पाहायची. प्रत्येक वळणाआधी बाबा असंच बोलायचे, जणू रस्ता त्यांना विचारून वळतोय. तिचे डोळे भरून आले. काही झालेलं नाही त्यांच्या नजरेला, तिला वाटलं. बारीकसारीक सगळं ओळखतायत. शेजाऱ्यांना काय, बोलायला तोंड आहे. आता विचारायचंच नाही. तिच्या छातीवरचा दगड उतरला. तिने बाबांच्या चहात अर्धा चमचा साखर जास्त घातली आणि कप घेऊन बाहेर आली.

पडद्यावर पूल होता. लोखंडी कठडा, कठड्यावर पंख अर्धवट उघडलेला एक कावळा. कावळा उडत नव्हता. लॅपटॉपचा पंखा जीव तोडून फिरत होता आणि बाबा पडद्याकडे तोंड करून हसत होते. उजव्या पायाने फरशीवर हळूच ब्रेक दाबत होते.

"आता झाडांची रांग," ते म्हणाले. "बघ, काय सावली आहे!"

ती कप हातात धरून उभीच राहिली.

"बाबा, चित्र पुलावर अडकलंय."

बाबांचा पाय थांबला.

"कधीपासून?"

"तुम्ही टाकी दाखवलीत, त्याच्या आधीपासून."

व्हिडिओतली बस कुठल्याशा थांब्यावर उभी राहिली. काकांनी थांब्याचं नाव पुकारलं, कुणी उतरलं, घंटी वाजली, बस निघाली. बाबांनी कपासाठी हात पुढे केला. तो जरा बाजूला गेला. तिने कप त्या हातात नेऊन दिला आणि त्यांच्याजवळ बसली.

"रस्ता पाठ आहे गं मला," बाबा म्हणाले. "हाही, आणि शाळेचाही."

"माहीत आहे, बाबा."

"पण मध्येच आडवं येणारं पोर पाठ नसतं."

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि कप दोन्ही हातांत धरून ठेवला.

"छोटीला शाळेच्या बसनं पाठव," ते म्हणाले. "फक्त ड्रायव्हर कोण आहे, तेवढं आधी मला सांग."